पोर्ट मारायच्या आधी फोनचे बँड बघा: नाशिकमध्ये सिम बदलणाऱ्यांसाठी सगळी माहिती

नाशिकमध्ये कुणी सिम बदलायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुणाची रेंज चांगली आहे? आणि उत्तर देणारे पण छातीठोकपणे देतात. कॉलेज रोडवाला म्हणणार अमुक कंपनी एकदम भारी, अंबडला शिफ्टमध्ये जाणारा म्हणणार छे, कंपनीच्या शेडमध्ये शिरलं की ते नेटवर्क गायब, आणि देवळालीचा माणूस तिसरंच नाव घेणार. तिघंही खरंच सांगत असतात, फक्त तिघांची जागा वेगळी, फोन वेगळा, आणि त्या फोनमध्ये असलेले बँड वेगळे. म्हणून दुसऱ्याला रेंज येते हे ऐकून पोर्ट मारू नका, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलू नका. तुमच्या घरापर्यंत कुठला बँड पोचतो आणि तो बँड तुमच्या फोनला पकडता येतो का, या दोन गोष्टी आधी बघा, मग बाकी सगळं. घाई नको म्हणून एवढं सांगतोय कारण एकदा पोर्ट झालं की पुढचे ९० दिवस तुम्हाला दुसरीकडे जाता येत नाही, तीन महिने गच्चीत जाऊन कॉल घ्यायची वेळ येते.

आधी बँड म्हणजे काय ते थोडक्यात

टॉवर आणि फोन रेडिओ लहरींवर बोलतात. सरकार लिलाव करतं आणि कंपन्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे विकत घेतात, त्या प्रत्येक पट्ट्याला एक नंबर दिलेला आहे, तोच बँड. ४जी मध्ये बँड १ म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, बँड ३ म्हणजे १८००, बँड ५ म्हणजे ८५०, बँड ८ म्हणजे ९००, बँड २८ म्हणजे ७००, बँड ४० म्हणजे २३०० आणि बँड ४१ म्हणजे २५००. नंबर आणि फ्रिक्वेन्सीचा क्रम जुळत नाही त्यामुळे नवीन माणूस गोंधळतो, पण पाठ करायची गरज नाही, हा लेख सेव्ह करून ठेवा. ५जी मध्ये नंबरच्या आधी एन लावतात, आपल्याकडे मुख्य दोन, एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ आणि एन७८ म्हणजे साधारण ३३०० ते ३६०० च्या आसपासचा पट्टा. एन२५८ म्हणून २६ गिगाहर्ट्झचा पण एक आहे, पण फोन घेताना त्याचा विचार केला नाही तरी चालतं.

आता मुद्द्याची गोष्ट. फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते, फ्रिक्वेन्सी जितकी वर तितका स्पीड जास्त मिळू शकतो कारण तिथे जागा मोकळी असते, पण लहर लवकर दमते. गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोलाचा ठोका दोन गल्ल्या सोडून घरात बसून पण ऐकू येतो आणि ताशाचा आवाज मात्र जवळ गेल्यावर कळतो, तसंच आहे हे. ७०० मेगाहर्ट्झची एक लहर साधारण ४३ सेंटीमीटर लांब असते आणि ३५०० ची साडेआठ सेंटीमीटरच्या आसपास, त्यामुळे आरसीसी स्लॅब, पत्र्याचं शेड, लिफ्ट, बेसमेंट असल्या ठिकाणी वरचा बँड आधी मान टाकतो.

म्हणून पंचवटीतल्या जुन्या वाड्यात मातीच्या दोन-दोन फूट भिंतींच्या आत, किंवा सातपूर अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, किंवा दिंडोरी निफाडकडे द्राक्षबागेत जिथे टॉवर लांब असतो, तिथे ७००, ८५० किंवा ९०० वाला बँड फोनमध्ये असणं फार गरजेचं. आणि गंगापूर रोडला टॉवरच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सगळं माहिती नसलं तरी त्याचं काही अडत नाही, त्याला २३०० काय आणि ३५०० काय, सगळंच फुल्ल मिळतं.

कुठल्या कंपनीकडे काय आहे

जिओचं ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालतं, ५जी एन२८ आणि एन७८ वर. जिओकडे २जी, ३जी मुळातच नाही, ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झालं तेव्हापासून फक्त ४जी आणि पुढे ५जी, हे लक्षात ठेवा, खाली याचा संबंध येणार आहे.

एअरटेलचं ४जी मुख्यतः बँड १, ३ आणि ४० वर, आणि खालच्या फ्रिक्वेन्सीत सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडलेत त्याप्रमाणे, बँड ५ किंवा ८. ५जी प्रामुख्याने एन७८ वर. २जी अजून चालू आहे.

व्हीआय म्हणजे व्होडाफोन आणि आयडिया, २०१८ मध्ये एकत्र झाले, महाराष्ट्रात त्यांच्याकडे बँड १, ३, ८ आणि ४१ आहेत, ५जी साठी एन७८. त्यांचं पण २जी चालू आहे. ५जी त्यांनी जिओ, एअरटेलच्या नंतर चालू केलं त्यामुळे तुमच्या भागात आलंय का ते त्यांच्या वेबसाइटवर बघूनच ठरवा.

बीएसएनएलचं ४जी बँड १ आणि बँड २८ वर येतं, काही ठिकाणी ४१ पण. हे ४जी पूर्ण देशी बनावटीच्या यंत्रणेवर उभं केलंय, टीसीएस, तेजस आणि सी-डॉट मिळून, आणि खेड्यापाड्यात, घाटात, आदिवासी पट्ट्यात जिथे दुसरं कुणी टॉवर टाकत नव्हतं तिथे पण टॉवर टाकलेत. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूला ज्यांचं घर किंवा नोकरी आहे त्यांनी हे सिम एकदा तरी लावून बघावं असं मला मनापासून वाटतं. पण अट एकच, फोनमध्ये बँड २८ हवा. २०१६, २०१७ च्या सुमाराचे स्वस्तातले बरेच ४जी फोन आहेत ज्यांच्यात बँड २८ नाही, त्यात हे सिम टाकलं आणि जवळच्या टॉवरवर फक्त ७०० चालू असेल तर ४जी दिसणारच नाही, आणि माणूस म्हणतो बीएसएनएलला रेंजच नाही.

तर भारतात निर्धास्त राहायचं असेल तर ४जी साठी १, ३, ५, ८, २८, ४०, ४१ आणि ५जी साठी एन२८ आणि एन७८ एवढे बँड फोनमध्ये असावेत. सगळेच हवेत असं नाही, ज्या कंपनीत जाणार तिचे तरी हवेत.

पायरी १: आपला फोन नेमका कुठला ते शोधा

फोनचं नाव पुरेसं नाही, मॉडेल नंबर लागतो. एकाच नावाचा फोन भारतासाठी वेगळा, चीनसाठी वेगळा, अमेरिकेसाठी वेगळा बनतो, बाहेरून डिट्टो सारखा, आत अँटेना आणि बँड वेगळे. सेटिंगमध्ये अबाउट फोन मध्ये जा, तिथे अक्षरं आणि आकडे मिळून मॉडेल नंबर दिलेला असतो, तो पूर्ण लिहून घ्या, शेवटचं अक्षर पण सोडू नका. आयफोनमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे मॉडेल नंबरवर एकदा टॅप केलं की ए ने सुरू होणारा नंबर दिसतो, तो हवा.

मग कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेल नंबरचं स्पेसिफिकेशन पान उघडा आणि नेटवर्क बँडची ओळ वाचा. खोका जपून ठेवला असेल तर काही खोक्यांवर पण छापलेलं असतं. फोनची तुलना करणाऱ्या वेबसाइटवर पण मिळतं, पण तिथे एकाच पानावर चार देशांचे बँड एकाखाली एक असतात, आपला मॉडेल नंबर बघूनच वाचा.

डायल पॅडवर *#०६# टाकलं की आयएमईआय येतो, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, १५ आकडी. सेकंडहँड फोन घेणार असाल तर हा नंबर दुकानातच तपासा. मेसेजमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये KYM, मग स्पेस, मग आयएमईआय टाकून १४४२२ वर पाठवा, किंवा सरकारच्या संचार साथी वेबसाइटवर बघा. फोन ब्लॅकलिस्टेड असेल, आयएमईआय डुप्लिकेट असेल तर तिथेच कळतं. एमजी रोडला फोन घेताना दुकानदार घाई करतो, साहेब पीस एकच आहे, दुसरं गिऱ्हाईक येतंय, तरी तुम्ही शांतपणे *#०६# करा, खोक्यावरचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवा, मेसेजचं उत्तर येऊ द्या, मग पैसे काढा. चांगला दुकानदार याला कधी हरकत घेत नाही.

पायरी २: बाहेरून आणलेला फोन असेल तर

नाशिकमध्ये आता घरटी कुणी ना कुणी बाहेर आहे, आणि दिवाळीला येताना भावाला, मेहुण्याला फोन आणतात. प्रेमाने आणलेला फोन, नाही कसं म्हणणार, पण आणणाऱ्याला आधीच तीन गोष्टी विचारून ठेवा.

एक, फोन लॉक आहे का. अमेरिकेत कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला फोन त्या कंपनीच्या सिमला बांधलेला असतो, हप्ते फिटले आणि त्यांनी अनलॉक केला तरच इथलं सिम चालतं. आयफोनमध्ये अबाउट मध्ये कॅरिअर लॉक अशी ओळ असते, तिथे नो सिम रिस्ट्रिक्शन्स लिहिलेलं असेल तर मोकळा आहे. अनलॉक तिथूनच करून आणायचा, इथे आल्यावर गल्लीत कुणीतरी करून देतो म्हणतो त्याच्या नादाला लागू नका. आपल्याकडे दुकानात मिळणारे फोन बहुतेक मोकळेच असतात, अपवाद जिओफोनचा, तो साधा दिसणारा फोन फक्त जिओच्याच सिमवर चालतो, त्यात दुसरं सिम टाकून पोर्ट करायचा विचार असेल तर फोन पण बदलावा लागेल.

दोन, सिमचा खाचा आहे का. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन १४ पासून पुढचे सिम ट्रे नसलेले आहेत, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम. मग ज्या कंपनीत जाणार ती ई-सिम देते का ते आधी बघायचं. ई-सिमचं एक आहे, फोन बिघडला की सिम काढून आईच्या फोनमध्ये टाकता येत नाही, घरात एकच चांगला फोन असेल तर हा विचार करा.

तीन, बँड. अमेरिकेत बँड १२, १३, ६६, ७१ चालतात, यातला एकही आपल्याकडे कामाचा नाही. महागड्या फोनमध्ये जगभरचे बँड भरलेले असतात म्हणून अडत नाही, पण तिथल्या स्वस्त मॉडेलमध्ये बँड ४० किंवा ८ गाळलेला असू शकतो. युरोपमध्ये बँड ७ आणि २० चालतात, ते पण इथे नाहीत. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या फोनमध्ये ४० आणि ४१ असतात, २८ आणि एन२८ मात्र नीट बघून घ्या.

पायरी ३: व्होल्टी, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

बँड जुळले म्हणजे झालं असं नाही. ४जी वरून साधा कॉल लागायला फोनमध्ये व्होल्टी लागतं आणि ते त्या कंपनीच्या नेटवर्कसाठी चालू असावं लागतं. बाहेर देशात विकलेल्या काही फोनमध्ये भारतातल्या कंपन्यांची ती सेटिंगच सॉफ्टवेअरमध्ये नसते. मग होतं काय की नेट झकास चालतं, व्हिडिओ पण चालतात, आणि कॉल लावला की लागत नाही.

एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलवर अशा वेळी फोन कॉलपुरता २जी वर उतरतो आणि कसातरी कॉल होतो, नेट मात्र तेवढा वेळ बसतं. जिओवर खाली उतरायला २जी नाहीच, त्यामुळे व्होल्टी नसेल तर जिओवर साधा कॉल होणारच नाही. आणि म्हणूनच आजीचा जुना बटणाचा २जी फोन असेल तर त्यात जिओचं सिम टाकून उपयोग नाही, त्याला २जी चालवणारी कंपनी लागते. घरात सगळ्यांचं एकदम पोर्ट करायची टूम निघते ना, एकाच कंपनीत सगळे, बिल सोपं, तेव्हा आजी-आजोबांच्या हातातला फोन कुठला आहे ते आधी बघा. त्यांचा एकच आधार असतो तो.

तपासायचं कसं, तर ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम फोनमध्ये टाका, सेटिंगमध्ये सिमच्या पानावर व्होल्टी किंवा ४जी कॉलिंगचं बटण येतं का बघा, चालू करा, आणि कॉल चालू असताना वर ४जी टिकून राहतं की २जी होतं ते बघा. ४जी टिकलं तर काम फत्ते.

वायफाय कॉलिंगचं बटण पण तिथेच असतं. घरात रेंज कमी आणि ब्रॉडबँड चांगलं असेल तर हे चालू ठेवा, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांना याचा फार फायदा होतो.

५जी बद्दल थोडं

आपल्याकडे ५जी ची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ ला झाली. जिओने स्वतंत्र ५जी उभं केलं, एसए म्हणतात त्याला, आणि एअरटेलने सुरुवातीला ४जी च्या आधाराने चालणारं, एनएसए. तुमचा फोन दोन्ही चालवतो का ते बघायला लागतं, अलीकडचे फोन चालवतात, पण २०२०-२१ मध्ये भारतात ५जी नसतानाच जे पहिले ५जी फोन विकले गेले त्यांच्यात बँड मोजकेच होते, एन७८ आहे तर एन२८ नाही असले. जिओवर एन२८ नसला तर ५जी उघड्यावर मिळेल, आतल्या खोलीत गेलं की ४जी वर येईल. तेवढ्यासाठी नवीन फोन घ्यायची गरज नाही, ४जी पुरतं.

आणि फोनमध्ये बँड असून पण ५जी दिसत नसेल तर आधी सॉफ्टवेअर अपडेट करा. आयफोनवर भारतात ५जी डिसेंबर २०२२ च्या अपडेटनेच चालू झालं होतं, फोन आधीपासून तयारच होते.

पायरी ४: घरी, कामावर, गावी प्रत्यक्ष लावून बघा

ही पायरी कुणी करत नाही आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. ज्या कंपनीत जायचंय तिचं एक साधं प्रीपेड सिम घ्या किंवा घरातल्या कुणाचं, मित्राचं सिम दोन दिवस मागून घ्या, आणि आपल्याच फोनच्या दुसऱ्या खाच्यात टाका. आपल्याच फोनमध्ये, हे महत्त्वाचं, कारण मित्राच्या फोनमध्ये रेंज आली याचा अर्थ तुमच्या फोनमध्ये येईल असा होत नाही. जुन्या काही ड्युअल सिम फोनमध्ये दुसरा खाचा फक्त २जी चा असतो, तसं असेल तर पहिल्यात टाका.

आता नुसत्या काड्या मोजू नका. काड्या प्रत्येक फोन आपल्या मर्जीने दाखवतो. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या सिम स्टेटसमध्ये सिग्नल स्ट्रेंथ डीबीएम मध्ये दिसते, वजा आकडा असतो. शून्याच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. ४जी साठी वजा ८५ च्या आत असेल तर उत्तम, वजा १०० पर्यंत काम चालतं, वजा ११० च्या पलीकडे गेलं की कॉलमध्ये हॅलो हॅलो सुरू.

कुठला बँड पकडलाय ते पण कळतं. अँड्रॉइडमध्ये डायल पॅडवर *#*#४६३६#*#* टाकलं की बऱ्याच फोनमध्ये टेस्टिंगचं पान उघडतं, नाही उघडलं तर नेटवर्क सेलची माहिती दाखवणारी फुकट अॅप आहेत. आयफोनमध्ये *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबायचं. काही ठिकाणी बँड थेट लिहिलेला असतो, काही ठिकाणी ईएआरएफसीएन नावाचा आकडा दिसतो, त्यावरून बँड काढता येतो. ० ते ५९९ म्हणजे बँड १, १२०० ते १९४९ म्हणजे बँड ३, २४०० ते २६४९ म्हणजे बँड ५, ३४५० ते ३७९९ म्हणजे बँड ८, ९२१० ते ९६५९ म्हणजे बँड २८, ३८६५० ते ३९६४९ म्हणजे बँड ४०, आणि त्याच्या पुढे ४१५८९ पर्यंत बँड ४१.

मी राहतो त्या सोसायटीत हे करून बघितलं तेव्हा गॅलरीत बँड ४० दिसत होता आणि वजा ८८, हॉलमध्ये आलो तोच बँड वजा १०४, आणि आतल्या बेडरूमचं दार लावलं की फोनने आपोआप बँड ५ पकडला आणि आकडा परत वजा ९६ वर आला. म्हणजे त्या खोलीत मला जे काही कॉल येतात ते सगळे बँड ५ च्या जिवावर. ज्या फोनमध्ये बँड ५ नाही त्याला त्याच खोलीत, त्याच कंपनीत, नो सर्व्हिस पण दाखवू शकतं. शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा हे एकदा करून बघा, डोळ्यासमोर उलगडतं सगळं.

बघताना जागा विचार करून निवडा. घरातली सगळ्यात आतली खोली, कामाच्या ठिकाणची तुमची बसायची जागा, पोरांची शाळा किंवा क्लास, आणि गाव असेल तर गावचं घर. संध्याकाळी आठ-नऊच्या दरम्यान पण एकदा बघा, कारण सकाळी उत्तम चालणारं नेट रात्री सगळे मोबाइलवर बसले की सुस्त होतं, तिथे सिग्नल चांगला असून स्पीड नसतो, तो दोष बँडचा किंवा फोनचा नसतो, टॉवरवरच्या गर्दीचा असतो. आता सिंहस्थ येतोय, रामकुंड, तपोवन आणि त्र्यंबकला पर्वणीच्या दिवशी कुठल्याही कंपनीवर असा लोड येणारच, त्या चार दिवसांवरून कंपनी ठरवू नका.

कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेज मॅप असतात आणि सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर पण बघता येतात. अंदाजाला चांगले आहेत, पण मॅपला तुमची भिंत माहिती नसते.

रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. नाशिक महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतं, आणि मुंबई, नवी मुंबई, कल्याणचा भाग वेगळ्या मुंबई सर्कलमध्ये. कंपन्यांनी लिलावात प्रत्येक सर्कलसाठी वेगवेगळं स्पेक्ट्रम घेतलंय, त्यामुळे इथे भारी चालणारी कंपनी तिथे पण तशीच चालेल असं गृहीत धरू नका, दोन्हीकडे बघा. कसारा घाटातल्या बोगद्यात मात्र रेंज जाणं हा वेगळा विषय, तिथे सगळ्यांचीच जाते.

पायरी ५: आता पोर्ट

फोन जुळला, रेंज बघितली, मन पक्कं झालं, मग पोर्ट सोपं आहे. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ३ जुलै २०१५ पासून दुसऱ्या सर्कलमध्ये पण नंबर नेता येतो, म्हणजे मुंबईचा नंबर घेऊन नाशिकला आलात तरी नंबर तोच राहतो.

मेसेजमध्ये इंग्रजी कॅपिटलमध्ये पोर्ट, मग एक स्पेस, मग तुमचा दहा आकडी नंबर, आणि १९०० वर पाठवा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, त्याला यूपीसी म्हणतात. तो आपल्याकडे ४ दिवस चालतो. प्रीपेडचा रिचार्ज संपलेला असला तरी हा मेसेज जाऊ द्यायचा असा ट्रायचा, म्हणजे मोबाइल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, आदेश आहे, आधी रिचार्ज मारा मग पोर्ट होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

कोड कधी येत नाही, ते पण सांगतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील तर. पोस्टपेडचं बिल थकलं असेल तर. नंबर कंपनीच्या म्हणजे तुमच्या ऑफिसच्या नावावर असेल आणि त्यांची परवानगी नसेल तर. आणि गेल्या ७ दिवसांत सिम हरवून किंवा खराब होऊन बदलून घेतलं असेल तर, हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे, कुणी फसवून तुमचं सिम बदलून नंबर पळवू नये म्हणून. सिम वडिलांच्या नावावर आहे आणि वापरता तुम्ही, असं पण घरोघरी असतं, पोर्टच्या वेळी ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच आधार घेऊन यावं लागतं, म्हातारं माणूस असेल तर त्यांना दोनदा फेरी पडू नये म्हणून कागद आधी बघून ठेवा.

मग नव्या कंपनीच्या दुकानात जा, कोड आणि आधार द्या, केवायसी होईल, नवीन सिम हातात मिळेल. ४जी वालंच सिम मिळालंय ना ते विचारून घ्या. आपल्याच सर्कलमध्ये पोर्ट व्हायला कामाचे ३ दिवस, दुसऱ्या सर्कलमधून असेल तर ५. मन बदललं तर अर्ज केल्यापासून २४ तासांत इंग्रजीत कॅन्सल, स्पेस, नंबर असं १९०० वर पाठवून थांबवता येतं.

कोड कुणालाही फोनवर सांगू नका. कंपनीतून बोलतोय, ऑफर देतोय, कोड सांगा, असे फोन येतात. कोड फक्त दुकानात समोर बसून.

जुन्या प्रीपेड खात्यातला बॅलन्स आणि उरलेला प्लॅन नवीन कंपनीत येत नाही, त्यामुळे प्लॅन संपत आला की पोर्ट करा. वर्षभराचा प्लॅन मारून दुसऱ्या महिन्यात पोर्ट केलं तर ते पैसे गेले.

पोर्ट होतं बहुतेक रात्री, जुनं सिम बंद पडतं आणि काही तासांत नवीन चालू होतं. त्या दिवशी बँकेचं, रेल्वे तिकिटाचं, परीक्षेच्या फॉर्मचं, जिथे ओटीपी लागतो असं काम ठेवू नका. ज्यांचा धंदाच फोनवर आहे, लासलगाव पिंपळगावला कांद्याचे भाव फोनवर ठरवणारे किंवा बागेतला माल पाठवणारे, त्यांनी हंगाम सोडून पोर्ट करावं, ऐन तोडणीच्या दिवसांत अजिबात नाही.

पोर्ट झाल्यावर

नवीन सिम टाकलं, रेंज आली, नेट नाही, असं झालं तर फोन एकदा बंद करून चालू करा, मग सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटची सेटिंग, बघा, जुन्या कंपनीचं राहिलं असेल तर रिसेट टू डिफॉल्ट करा. नेटवर्क मोड ५जी किंवा ४जी ऑटो वर ठेवा. व्होल्टी परत चालू करा, सिम बदललं की कधी कधी ते बंद होतं. यूपीआय अॅपमध्ये नवीन सिमवरून परत एकदा नोंदणी करावी लागते, त्यासाठी बॅलन्समध्ये एसएमएस जाण्याएवढे पैसे ठेवा.

संचार साथीवर आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते पण याच वेळी बघून टाका. एका माणसाच्या नावावर देशात बहुतेक ठिकाणी ९ पर्यंत सिम चालतात, त्यात अनोळखी नंबर दिसला तर तिथूनच माझा नाही असं कळवता येतं.

आणि इतकं सगळं बघून पण तुमच्या घरी रेंज खराबच निघाली तर गप्प बसू नका. कस्टमर केअरला फोन करून तक्रार लिहायला सांगा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, मागून घ्या, तो नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. तक्रारीत नुसतं रेंज नाही असं सांगू नका, पत्ता, मजला, वेळ, पकडलेला बँड आणि डीबीएमचा आकडा सांगा, वाटलं तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. असं नेमकं लिहिलं की तक्रार इंजिनिअरपर्यंत जायची शक्यता वाढते. उत्तराने समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे लिहून वेळ घालवू नका, अपिलानंतर पण काही झालं नाही तर सरकारच्या पीजी पोर्टल या तक्रारींच्या वेबसाइटवर दूरसंचार विभागाच्या नावाने टाका आणि डॉकेट नंबर, अपील नंबर दोन्ही जोडा. तोवर वायफाय कॉलिंग चालू ठेवा आणि ज्या तारखेला पोर्ट झालं ती कॅलेंडरवर लिहून ठेवा, ९० दिवस तिथूनच मोजायचे.